उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी का येते?

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझा दवाखाना सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. अडुसष्ट वर्षांच्या एक आजी दर महिन्याला सुनेबरोबर यायच्या. त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह होता आणि बीपीची गोळी चालू होती. मी त्यांना स्टुलावर बसवून बीपी बघायचो. ते बहुतेक वेळा १५०-१५५ च्या आसपास असायचे, म्हणून मी गोळी थोडी वाढवली. पुढच्या खेपेला आजी म्हणाल्या, "डॉक्टर, सकाळी उठल्यावर जरा अंधारी येते हो." मी म्हणालो, "अशक्तपणा असेल आजी, जेवण नीट घेत जा." त्यांना टॉनिक लिहून दिले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी आजी पहाटे लघवीला उठल्या आणि न्हाणीघराच्या दारातच पडल्या. खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन करावे लागले. तिथल्या फिजिशियननी नंतर त्यांचे बीपी झोपवून आणि उभे करून तपासले. झोपल्यावर वरचा आकडा १६० होता आणि उभे राहिल्यावर ११२. मी दर महिन्याला त्यांचे बीपी मोजत होतो, पण एकदाही त्यांना उभे करून मोजले नव्हते.

तेव्हापासून कोणीही "उठल्यावर चक्कर येते" असे म्हणाले की मी ती तक्रार अशक्तपणाच्या नावाखाली सोडून देत नाही. आपण उभे राहतो त्या काही सेकंदांत आपली मज्जासंस्था किती काम करते आणि ते काम कुठे बिघडू शकते, हे समजले तर अशी बरीच पडझड टाळता येते. म्हणून हा लेख.

आधी हे ठरवा : चक्कर म्हणजे नेमके काय होते?

मराठीत 'चक्कर' हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, आणि तिथेच पहिला घोटाळा होतो.

पहिला प्रकार म्हणजे गरगरणे. घर फिरते आहे, पलंग फिरतो आहे असे वाटते. कुशीवर वळताना किंवा मान वर करून फळीवरचा डबा काढताना हे होते, सोबत मळमळही असते. याचे कारण बहुतेक वेळा कानाच्या आतल्या भागात असते.

दुसरा प्रकार म्हणजे घेरी किंवा अंधारी. काही फिरत नाही, पण डोळ्यांपुढे काळे येते, डोके हलके होते, पायांतले बळ जाते, आता पडतो की काय असे वाटते. हे झोपून किंवा बसून उठल्यावर होते आणि पुन्हा बसले की थांबते. याचा संबंध मेंदूला होणाऱ्या रक्तपुरवठ्याशी असतो. हा लेख या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

पुष्कळ जण या दोन्हींना "मानेचा स्पॉन्डिलायटिस" समजून गळ्याला पट्टा लावून बसतात. एक्स-रेमध्ये मानेच्या मणक्यांची झीज दिसते हे खरे, पण ती पन्नाशीनंतर बहुतेकांच्या एक्स-रेमध्ये दिसते. उठताना येणाऱ्या अंधारीचे कारण सहसा मानेत नसते.

उभे राहणे ही शरीराची परीक्षा असते

गच्चीवरच्या टाकीचे पाणी तळमजल्यावर जोरात येते आणि वरच्या मजल्यावर मंद येते. रक्तालाही हाच नियम लागू आहे. आपण आडवे असतो तेव्हा डोके, हृदय आणि पाय एका पातळीत असतात, त्यामुळे रक्त सगळीकडे सारखे पसरलेले असते. उभे राहिलो की गुरुत्वाकर्षणाने अर्धा लिटर ते पाऊण लिटर रक्त पायांच्या आणि पोटाच्या शिरांमध्ये उतरते. तेवढे रक्त हृदयाकडे लगेच परत येत नाही. हृदय कमी भरते, म्हणून प्रत्येक ठोक्याला कमी रक्त बाहेर पडते आणि रक्तदाब खाली येऊ लागतो.

इकडे मेंदू हृदयाच्याही वर बसलेला असतो. त्याचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीर वापरते त्यातला सुमारे वीस टक्के प्राणवायू त्याला एकट्याला लागतो. त्याच्याकडे साठा नसतो. मेंदूचा रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर दहा सेकंदांच्या आत माणूस बेशुद्ध होतो.

म्हणजे हिशेबाने पाहिले तर आपल्यापैकी प्रत्येकाला दर वेळी उठताना घेरी यायला हवी. पण पंगतीत तासभर मांडी घालून बसलेला माणूसही सहज उठतो आणि हात धुवायला जातो. त्याला काही जाणवतही नाही, कारण त्याच्या मज्जासंस्थेने तेवढ्यात सगळे सावरलेले असते.

समतोल म्हणजे स्थिर राहणे नव्हे

एकोणिसाव्या शतकात क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एक महत्त्वाची गोष्ट मांडली. बाहेरचे जग कितीही बदलले तरी शरीराच्या आतले वातावरण जवळपास तेच राहते, आणि म्हणूनच आपण मोकळेपणाने जगू शकतो. पुढे १९२६ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातले वॉल्टर कॅनन यांनी या गुणाला 'होमिओस्टॅसिस' हे नाव दिले. मराठीत त्याला समस्थिती किंवा अंतर्गत समतोल म्हणतात. शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राहणे, रक्तातली साखर, मीठ आणि पाणी ठरावीक मर्यादेत राहणे, रक्तदाब टिकून राहणे ही सगळी त्याची उदाहरणे.

हे कसे होते ते इस्त्रीवरून समजून घेऊ. इस्त्री ठरावीक तापली की आतला पट्टा वीज बंद करतो आणि लाल दिवा विझतो. थोडी गार झाली की दिवा पुन्हा लागतो. म्हणजे इस्त्रीत तीन गोष्टी आहेत. तापमान ओळखणारा भाग, किती तापायचे ते ठरवणारे बटण आणि प्रत्यक्ष तापवणारी तार. बदल ज्या दिशेने झाला त्याच्या उलट दिशेने दुरुस्ती करायची, हे त्यामागचे तत्त्व.

शरीरातही अशाच तीन गोष्टी असतात : बदल टिपणारे संवेदक, निर्णय घेणारे केंद्र आणि हुकूम पाळणारे अवयव. या तिघांमधला निरोप नेण्या-आणण्याचे वेगवान काम मज्जासंस्था करते. संथ पण टिकाऊ काम संप्रेरके, म्हणजे हार्मोन करतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. दोरीवर चालणारी मुलगी लांबून स्थिर दिसते, पण हातातली काठी ती सतत थोडी इकडे, थोडी तिकडे करत असते. आपले "१२०/८०" तसेच आहे. रक्तदाब दिवसभर वरखाली होत असतो आणि दर ठोक्याला सावरला जात असतो. यंत्रावर दिसणारा आकडा हा त्यातला एक क्षण असतो.

मज्जासंस्थेचा तो भाग, जो न सांगता काम करतो

मेंदू, मणक्यातला मज्जारज्जू आणि तिथून शरीरभर पसरलेल्या नसा मिळून मज्जासंस्था बनते. तिचा एक भाग आपल्या इच्छेने चालतो. हात उचलायचा, पेन धरायचा, पाऊल टाकायचे हे आपण ठरवतो. दुसरा भाग आपल्याला न विचारता काम करतो. हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचे आकुंचन, घाम, पचन, लघवीची पिशवी, डोळ्याची बाहुली हे सगळे तो सांभाळतो. त्याला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात.

स्वायत्त मज्जासंस्थेच्या दोन शाखा आहेत. सिंपथेटिक, म्हणजे अनुकंपी शाखा अडचणीच्या वेळी पुढे येते. ती ठोके वाढवते, रक्तवाहिन्या आवळते, घाम आणते. पॅरासिंपथेटिक, म्हणजे परानुकंपी शाखा विसाव्याच्या वेळी काम करते. ती ठोके कमी करते आणि पचन चालवते. तिची मुख्य नस म्हणजे व्हेगस. ही नस मेंदूच्या बुडातून निघून मान, छाती आणि पोटापर्यंत जाते.

दोन्ही शाखा सतत चालू असतात, फक्त त्यांचे प्रमाण बदलते. हृदयाला जाणाऱ्या नसांचा परिणाम पूर्ण काढून टाकला तर हृदय आपल्या मर्जीने मिनिटाला साधारण १०० ठोके देईल. विश्रांतीत आपली नाडी ७० च्या आसपास असते, कारण व्हेगस नस ब्रेकवर पाय ठेवून बसलेली असते.

उठल्यावर सेकंदासेकंदाला काय होते?

आता पलंगावरून उठलेल्या माणसाकडे परत येऊ.

मानेत दोन्ही बाजूंना, जिथे हाताला नाडी लागते, तिथे कॅरोटिड धमनीला दोन फाटे फुटतात. त्या फाट्याशी धमनीच्या भिंतीत ताण ओळखणारे बारीक मज्जातंतू असतात. तसेच तंतू हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीतही असतात. रक्तदाब चांगला असला की भिंत ताणली जाते आणि हे तंतू भराभर संदेश पाठवतात. दाब कमी झाला की संदेश विरळ होतात.

हे संदेश मेंदूच्या खालच्या टोकाला, म्हणजे लंबमज्जेत पोहोचतात. संदेश विरळ झाले याचा अर्थ लंबमज्जा "दाब घसरतो आहे" असा लावते आणि दोन हुकूम सोडते.

पहिला हुकूम व्हेगस नसेला : ब्रेक सोड. याचा परिणाम एक-दोन ठोक्यांतच दिसतो आणि नाडी वाढते.

दुसरा हुकूम सिंपथेटिक शाखेला : रक्तवाहिन्या आवळ. या नसांच्या टोकांतून नॉरॲड्रेनॅलिन हे रसायन सुटते. पायांच्या आणि पोटाच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि खाली उतरलेले रक्त वर ढकलले जाते. याला काही सेकंद जास्त लागतात. हृदयही जोराने आकुंचन पावते.

याच वेळी पोटऱ्यांचे स्नायू आवळले जाऊन पायांच्या शिरांमधले रक्त वर चढवतात. शिरांच्या आत झडपा असल्याने ते परत खाली घसरत नाही. हे सगळे साधारण अर्ध्या मिनिटात उरकते. निरोगी माणसात उभे राहिल्यावर वरचा दाब जवळपास तेवढाच राहतो आणि नाडी दहा-वीसने वाढते. तरुण, सडपातळ मुलांना झटकन उठल्यावर एखाद-दोन सेकंद जे काळे दिसते, ते हुकूम सुटणे आणि रक्तवाहिन्या आवळणे यांच्या मधल्या अंतरामुळे. तेवढ्याने घाबरायचे कारण नसते.

मज्जासंस्थेची ही झाली तातडीची मदत. तासन्‌तास आणि दिवसेंदिवस दाब टिकवायचा तर रक्तवाहिन्यांत पुरेसे पाणी आणि मीठ असावे लागते. ते काम मूत्रपिंडांकडे आहे. दाब कमी झाला की मूत्रपिंड रेनिन सोडते, त्यातून पुढे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढते आणि लघवीवाटे जाणारे मीठ अडवले जाते. मेंदूतला हायपोथॅलॅमस तहान जागी करतो आणि पिट्युटरी ग्रंथीवाटे लघवीतले पाणी वाचवणारे संप्रेरक सोडतो. उन्हातून आल्यावर लघवी कमी आणि गडद पिवळी होते, ती यामुळेच.

मग हे काम बिघडते कुठे?

उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा दाब २० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा दाब १० किंवा त्याहून जास्त घसरला, तर त्याला 'ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन' म्हणतात. सोप्या शब्दांत, उभे राहिल्यावर पडणारे बीपी. दवाखान्यात मला त्याची पुढील कारणे जास्त दिसतात.

१. शरीरात पाणी किंवा रक्त कमी असणे. जुलाब, उलट्या, ताप, एप्रिल-मे महिन्यातले उन्हातले काम, निर्जळी उपवास, मासिक पाळीत फार रक्त जाणे. इथे नसा चोख काम करत असतात. त्या नाडी खूप वाढवतात, पण आत भरायला रक्तच पुरेसे नसते.

२. औषधे. हे सर्वांत जास्त दिसणारे आणि सर्वांत सहज सुधारता येणारे कारण आहे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या शरीरातले पाणी कमी करतात. प्रोस्टेटसाठी दिली जाणारी टॅम्सुलोसिनसारखी औषधे आणि प्राझोसिनसारख्या बीपीच्या गोळ्या रक्तवाहिन्या आवळण्याच्या हुकुमालाच अडवतात. छातीत दुखण्यासाठीच्या नायट्रेट गोळ्या, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिली जाणारी अमिट्रिप्टिलिन, कंपवातासाठीची लेव्होडोपा यांनीही दाब घसरतो. अनेकदा बीपीची गोळी एका डॉक्टरांची, प्रोस्टेटची दुसऱ्यांची आणि झोपेची तिसऱ्यांची असते. तिन्हींची बेरीज कोणीच केलेली नसते.

३. मधुमेह. बरीच वर्षे साखर जास्त राहिली की नसांची हानी होते. लांब नसा आधी बिघडतात, म्हणून पायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात. हे बहुतेकांना माहीत असते. पण तीच हानी स्वायत्त नसांचीही होते हे फारसे कोणी सांगत नाही. मग उभे राहिल्यावर दाब घसरतो आणि नाडी मात्र वाढत नाही, कारण हुकूम पोहोचतच नाही. थोडे खाल्ले तरी पोट गच्च वाटणे, तळव्यांना घाम न येणे, लघवी पूर्ण न होणे, पुरुषांमध्ये लैंगिक ताठरता कमी होणे ही त्याचीच इतर लक्षणे असू शकतात. अशा रुग्णांना कधी कधी हृदयविकाराचा झटका येऊनही छातीत दुखत नाही. त्यामुळे दीर्घकाळ मधुमेह असलेल्याची अंधारी ही गंभीरपणे घ्यायची तक्रार आहे. माझ्या त्या आजींचे हेच झाले होते.

४. वय. वयानुसार धमन्यांच्या भिंती कडक होतात, त्यामुळे ताण ओळखणारे तंतू मंद होतात. तहान कमी लागते. त्यात "रात्री लघवीला उठावे लागते" म्हणून ज्येष्ठ मंडळी संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत.

५. इतर आजार. कंपवातासारखे मेंदूचे विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, बरेच दिवस अंथरुणाला खिळून राहणे.

काही वेळा धोक्याच्या असतात. रात्रभर आडवे राहिल्याने लघवी जास्त तयार होते आणि पहाटे शरीरातले पाणी कमी झालेले असते. भरपेट जेवणानंतर दीड-दोन तास बरेच रक्त आतड्यांकडे वळलेले असते. कढत पाण्याच्या अंघोळीने त्वचेच्या रक्तवाहिन्या सैलावतात. दारूनेही तेच होते. म्हणून पहाटे, जेवणानंतर आणि अंघोळीच्या वेळी पडणाऱ्यांचे प्रमाण जास्त दिसते.

शाळेच्या प्रार्थनेला, लग्नाच्या मांडवात किंवा दर्शनाच्या रांगेत बराच वेळ उभे राहून चक्कर येऊन पडणारे तरुण असतात. त्यांचा प्रकार थोडा वेगळा. खूप वेळ उभे राहणे, उकाडा, भीती, वेदना किंवा सुई पाहणे यांमुळे मज्जासंस्था अचानक उलटा हुकूम देते. व्हेगसचा ब्रेक जोरात दाबला जातो आणि रक्तवाहिन्या सैल पडतात. आधी घाम, मळमळ, कानात आवाज येणे असे होते, मग माणूस कोसळतो. आडवा केला की मिनिटभरात शुद्धीवर येतो. हा प्रकार बहुधा निर्धोक असतो, पण पहिल्यांदा झाला तर एकदा तपासून घ्यावे.

घरी बीपी कसे तपासाल?

घरी डिजिटल यंत्र असेल तर ही तपासणी सोपी आहे. फक्त जवळ दुसरे माणूस आणि मागे खुर्ची असू द्या.

- पाच मिनिटे शांत पडून राहा. मग आडवे असतानाच बीपी आणि नाडी मोजून लिहा.
- उभे राहा. एक मिनिटाने मोजा. पुन्हा तीन मिनिटे झाल्यावर मोजा.
- मोजताना हात छातीच्या पातळीवर टेकवलेला हवा. हात खाली लोंबत असेल तर आकडा खोटा जास्त येतो.
- शक्यतो सकाळी उठल्या उठल्या आणि एकदा दुपारच्या जेवणानंतर तासाभराने तपासा.
- अंधारी आली तर आकड्याची वाट न बघता लगेच बसा.

नाडीचा आकडाही आवर्जून लिहा. बीपी घसरले आणि नाडी खूप वाढली, तर पाणी किंवा रक्त कमी असण्याची शक्यता जास्त. बीपी घसरले तरी नाडी जागची हलली नाही, तर नसांच्या बिघाडाचा संशय येतो. मेटोप्रोलॉलसारखी नाडी कमी करणारी गोळी चालू असेल तर हा आडाखा चुकतो, म्हणून औषधांची यादी सोबत न्या. मधुमेह असेल तर चक्कर आल्यावर साखरही तपासा, कारण साखर खूप कमी झाल्यानेही असेच वाटते.

रोजच्या सवयी कशा बदलाल?

- उठताना टप्पे करा. योगवर्गात शवासनानंतर आधी कुशीवर वळायला सांगतात, तसेच करा. कुशीवर वळा, हाताच्या आधाराने बसा, पाय खाली सोडून दोन मिनिटे थांबा, मग उभे राहा. उभे राहिल्यावर लगेच चालू लागू नका.
- उठण्याआधी पावले दहा-पंधरा वेळा वरखाली करा, मुठी आवळा. पोटऱ्यांचा पंप सुरू होतो.
- उशाशी पाण्याचा तांब्या ठेवा. सकाळी उठण्याआधी बसून दोन ग्लास पाणी प्यायल्याने पुष्कळांना फरक पडतो. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर मात्र आधी विचारा.
- एकदम भरपेट जेवण्यापेक्षा थोडे थोडे चार वेळा खा. जेवल्यावर ताडकन उठू नका.
- रात्री पुरुषांनीही लघवी बसून करावी. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत मंद दिवा ठेवा, ओली फरशी पुसून घ्या, भिंतीला धरायला दांडी बसवा. न्हाणीघराची कडी आतून लावू नका.
- उपवास करायचा असेल तर बीपी, मधुमेह आणि लघवीच्या गोळ्यांचे काय करायचे ते आधी डॉक्टरांना विचारा.

आणि सर्वांत महत्त्वाचे : बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका. "माझे बीपी लो होते" म्हणून गोळी सोडलेल्यांना पक्षाघात झालेला मी पाहिला आहे. याच समजातून मीठ वाढवणे किंवा रोज मीठ-साखरेचे पाणी पिणेही चुकीचे आहे. झोपल्यावर बीपी जास्त आणि उभे राहिल्यावर कमी अशी स्थिती एकाच माणसात असू शकते. त्यावर गोळी बदलणे, डोस किंवा वेळ बदलणे असे उपाय असतात. बीपी नीट आटोक्यात आले की अनेकांची उभे राहिल्यावरची घसरणही कमी होते. काहींना पोटाचा पट्टा, लांब घट्ट मोजे, डोक्याकडून पलंग थोडा उंच करणे किंवा खास औषधे लागतात. ते डॉक्टर ठरवतील.

अंधारी आलीच तर

जिथे आहात तिथे बसा. जमल्यास आडवे होऊन पाय उंच ठेवा. बसायला जागाच नसेल तर एका पायावर दुसऱ्या पायाची अढी घालून मांड्या आणि पोट घट्ट आवळा, किंवा उकिडवे बसा. कोणी कोसळले तर त्याला धरून उभे करू नका, खुर्चीतही बसवू नका. त्याला आडवेच राहू द्या. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका.

ताबडतोब रुग्णालयात केव्हा जावे?

पुढीलपैकी काही असेल तर घरी वाट पाहू नका. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

- चक्कर येताना छातीत दुखणे, दम लागणे किंवा धडधड होणे
- चालताना, व्यायाम करताना किंवा आडवे असतानाच शुद्ध हरपणे
- तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे
- डांबरासारखी काळी शौचास होणे किंवा रक्ताची उलटी
- पाळी चुकलेल्या स्त्रीला पोटात दुखून घेरी येणे
- पडून डोक्याला मार लागणे, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना

शेवटी

त्या आजी ऑपरेशननंतर वॉकर घेऊन चालू लागल्या. त्यांच्या गोळ्या बदलल्या, सुनेने उशाशी तांब्या आणि न्हाणीघरात दिवा ठेवला. पुढची सहा वर्षे त्या माझ्याकडे येत होत्या आणि पुन्हा पडल्या नाहीत. पण त्यानंतर त्या घराबाहेर एकट्या कधीच गेल्या नाहीत. त्यांचे देवळात जाणेही सुटले.

माझ्या दवाखान्यात आता तपासणीच्या पलंगाशेजारी भिंतीला आधाराची दांडी आहे. साठीपुढचे, मधुमेहाचे आणि बीपीच्या गोळ्या घेणारे रुग्ण आले की मी त्यांना आडवे करून आणि उभे करून दोन्ही वेळा बीपी मोजतो. त्याला पाच-सात मिनिटे जास्त लागतात आणि बाहेरचे रुग्ण कुरकुरतात. तुमच्या घरात असे कोणी असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेल्यावर एवढेच म्हणा : "डॉक्टर, यांचे बीपी एकदा उभे करूनही बघता का?"

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधांमध्ये कोणताही बदल आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.)